डीएलए नाकारला, फेरविचारातही नकार आला: आता अपील कसं लढवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी आईचा साडेसहा वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे. त्याच्यासाठी डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्सचा (डीएलए), म्हणजे दिव्यांग मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा, अर्ज केला. तो नाकारला गेला. मग मँडेटरी रीकन्सिडरेशन, म्हणजे फेरविचार, मागितला. तिथेही नकारच आला. शाळेने 'मुलगा वर्गात शांत असतो, अभ्यासात चांगला आहे' असं कळवल्याचं कारण पत्रात दिलं आहे. आई विचारते: निदानाचा एवढा जाडजूड रिपोर्ट जोडूनही नकार कसा? नवरा म्हणतो सोडून दे, उगाच व्हिसाच्या भानगडीत पडायला नको. अपील करावं का?

ताई, करा. पण त्याआधी फेरविचाराच्या निर्णयाचं पत्र हातात घ्या आणि त्यावर छापलेली तारीख बघा. त्या तारखेपासून एका महिन्यात तुमचं अपील ट्रिब्युनलकडे, म्हणजे अपील ऐकणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, पोचलं पाहिजे. पाकीट तुमच्या दारात कधी पडलं याला महत्त्व नाही. उशीर झाला तर कारण देऊन पुढे आणखी बारा महिन्यांपर्यंत दाद मागता येते, पण त्या भरवशावर राहू नका. अपील सरकारी संकेतस्थळावरून ऑनलाइन भरता येतं, किंवा एसएससीएस१ नावाचा फॉर्म पोस्टाने पाठवता येतो. फी नाही. सगळे पुरावे गोळा होईपर्यंत थांबायचंही कारण नाही. आत्ता दोन-चार परिच्छेदांत कारणं लिहा, फेरविचाराच्या पत्राची प्रत जोडा आणि दाखल करा. पुरावे नंतर पाठवता येतात.

अजून पहिलाच नकार आलेला असेल अशांसाठी एवढंच सांगते की फेरविचार मागितल्याशिवाय थेट अपील करता येत नाही, आणि त्यालाही मुदत एका महिन्याचीच आहे. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांसाठी डीएलएऐवजी चाइल्ड डिसॅबिलिटी पेमेंट आहे. त्याची यंत्रणा वेगळी, फेरविचार मागायची मुदत ४२ दिवसांची. पुढचं सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं धरा.

आता रिपोर्ट असूनही नकार का आला ते बघू. भारतातून आलेल्या बहुतेक पालकांच्या डोक्यात दिव्यांग प्रमाणपत्राची पद्धत पक्की बसलेली असते. तिकडे आयएसएए या मोजपट्टीवर गुण काढतात, त्याचे टक्के होतात, ४० टक्के भरले की पुढच्या योजनांची दारं उघडतात. म्हणजे कागदावर निदान आणि आकडा आला की काम झालं. इथे तसं नाही. डीएलएच्या कायद्यात, म्हणजे १९९२ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याच्या कलम ७२ आणि ७३ मध्ये, टक्के नाहीत आणि आजारांची यादीही नाही. आर(डीएलए) ३/०६ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या निवाड्यात तर स्पष्टच म्हटलं आहे की अपंगत्व वेगळं आणि त्यामागचा वैद्यकीय आजार वेगळा. निदानाच्या रांगेत अजून उभं असलेलं मूलही डीएलएला पात्र ठरू शकतं ते यामुळेच. आणि हाच नियम उलटाही लागतो: नुसतं निदान असून भागत नाही. पीडियाट्रिशनचा रिपोर्ट मुलाला ऑटिझम आहे हे सांगतो. सकाळी बूट घालायला किती वेळ लागतो, ते त्यात नसतं.

कायदा विचारतो ते एवढंच: याच वयाच्या इतर मुलांपेक्षा या मुलाला लक्षणीय जास्त मदत किंवा देखरेख लागते का? किंवा त्याच्याहून लहान मुलांना लागते तशी मदत याला अजूनही लागते का? तुमचं अख्खं अपील या दोन प्रश्नांवर उभं करायचं आहे.

दर माहीत असले की कुठे जोर द्यायचा ते कळतं. डीएलएचे दोन भाग आहेत: केअर म्हणजे देखभाल, आणि मोबिलिटी म्हणजे बाहेर हिंडणंफिरणं. केअर भागाचे तीन दर आहेत. दिवसातून साधारण तासभर जास्तीची मदत लागत असेल तर सर्वांत कमी दर. दिवसभर वारंवार मदत, किंवा धोका टाळण्यासाठी दिवसभर सतत लक्ष ठेवावं लागत असेल तर मधला. फक्त रात्रीची गरज असेल तरी मधलाच. दिवस आणि रात्र दोन्हीकडे गरज असेल तर सर्वांत वरचा. २०२५-२६ मध्ये हे आठवड्याला अनुक्रमे २९.२० पौंड, ७३.९० पौंड आणि ११०.४० पौंड होते. मोबिलिटीचे दोन दर आहेत, त्याच वर्षी २९.२० आणि ७७.०५ पौंड होते. यावर कर नाही, आणि आईवडिलांचा पगार किती याच्याशी या रकमेचा संबंध नाही.

आता मुख्य गोष्ट. नकाराची पत्रं आणि मूळ अर्ज शेजारी ठेवून वाचले की मला जवळपास दर वेळी एकच दिसतं. घरच्यांनी मुलाला इतकं सांभाळून घेतलेलं असतं की मदत ही मदत म्हणून दिसतच नाही. टॅगचा त्रास होतो म्हणून सगळ्या कपड्यांचे टॅग कापलेले, मिक्सरच्या आवाजाने घाबरतो म्हणून चटणी तो झोपल्यावर वाटायची, सुपरमार्केटला एकानेच जायचं, लग्नाबारशाची आमंत्रणं आधीच टाळायची. मग फॉर्ममध्ये 'कपडे घालण्यात अडचण आहे का?' या प्रश्नाला आई प्रामाणिकपणे लिहिते, 'थोडी मदत लागते.' कारण तिच्या लेखी आता हे सगळं रोजचंच झालेलं असतं. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र त्यातून काहीच कळत नाही.

म्हणून अपिलात प्रत्येक कामाबद्दल चार गोष्टी लिहा: काय करावं लागतं, किती वेळा, किती मिनिटं, आणि नाही केलं तर काय होतं. चौथी गोष्ट लोक हमखास विसरतात आणि ट्रिब्युनलला तीच सर्वांत जास्त उपयोगी पडते. 'त्याला खाण्याची समस्या आहे' हे वाक्य निरुपयोगी आहे. त्याऐवजी असं काही लिहा: 'तो फक्त मऊ भात, एकाच कंपनीचं दही आणि सोललेलं सफरचंद खातो. पदार्थ एकमेकांना लागले तर ताट ढकलतो. एका जेवणाला ३५ ते ४५ मिनिटं लागतात. मी शेजारी बसून दर घासाला आठवण करते. मी उठले की तोही उठतो आणि पुन्हा बसत नाही. दोनदा मी मुद्दाम काही बोलले नाही तेव्हा संध्याकाळपर्यंत उपाशी राहिला.' हे तुमच्या मुलाचं नसेल, पण तपशिलाची पातळी ही हवी.

इथे आपल्या घरांपुरती एक अडचण आहे, ती इंग्रजी मार्गदर्शक पुस्तिकांमध्ये सापडायची नाही. आपल्याकडे पाच-सहा वर्षांच्या मुलाला आजी कौतुकाने भरवते, आंघोळ घालते, शेजारी घेऊन झोपते. 'आई भरवते' असं लिहिलंत की समोरचा माणूस म्हणू शकतो, ही तुमच्या घरची रीत आहे, मुलाची गरज नव्हे. हा आक्षेप येण्याआधीच खोडून काढा. मोठी बहीण किंवा चुलतभाऊ याच वयाचे असताना स्वतः काय काय करत होते ते लिहा. स्वतः जेवू द्यायचा प्रयत्न केव्हा केला, ऑक्युपेशनल थेरपिस्टने कोणता चमचा, कोणतं चित्रांचं वेळापत्रक सुचवलं, त्याचं काय झालं, तेही सांगा.

बोलण्याच्या बाबतीत हेच. 'घरात मराठी बोलतात म्हणून इंग्रजी उशिरा आलं' असं शाळेच्या कागदात अर्धं वाक्य जरी कुठे असलं तरी ते अर्जाला बाधतं. स्पीच थेरपिस्टकडून स्पष्ट लिहून घ्या की अडचण दोन्ही भाषांत आहे आणि संवादाची आहे. तो आजीशी मराठीत तरी गप्पा मारतो का, की ऐकलेलं वाक्य तसंच परत म्हणतो? तहान लागली तर सांगतो, की हात धरून फ्रीजपर्यंत नेतो? कुठे दुखतंय ते सांगतो का? संवादासाठी लागणारी मदत कायद्याने मोजली जाते. १९९७ च्या फेअरी खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने एका कर्णबधिर तरुणीला चारचौघांत मिसळण्यासाठी लागणारी दुभाषाची मदतही धरली होती. तेव्हा बागेत इतर मुलांशी खेळताना तुम्ही शेजारी उभं राहून त्याच्या वतीने बोलता, तेही लिहा. ते किरकोळ नाही.

आता शाळा. शाळेने खोटं लिहिलं असं समजून चिडू नका. बरीच ऑटिस्टिक मुलं वर्गात स्वतःला घट्ट धरून बसतात आणि साडेतीनला फाटकाबाहेर पडली की फुटतात. शिवाय डीएलएचा निर्णय घेणाऱ्या सरकारी खात्याकडून शाळेला जो फॉर्म जातो तो भरणाऱ्याला विचारलेल्यापुरतंच उत्तर द्यायची सवय असते. शाळेला 'एक चांगलं पत्र द्या' म्हणू नका, म्हणजे पुन्हा तेच गोड पत्र येईल. सेन्कोला, म्हणजे विशेष गरजांच्या मुलांची मदत बघणाऱ्या शाळेतल्या शिक्षकाला, लेखी प्रश्न पाठवा: टीचिंग असिस्टंट त्याच्याजवळ किती वेळ असते? एक सूचना त्याला वेगळी, पुन्हा किती वेळा सांगावी लागते? जेवणाच्या हॉलमध्ये तो इतरांबरोबर बसतो का? मधल्या सुट्टीत काय करतो? टॉयलेटला कोण नेतं? फायर अलार्म वाजला तेव्हा काय झालं? सहलीला त्याच्यासाठी वेगळं माणूस लागलं का? 'शांत' या शब्दामागे बहुधा एक मोठं माणूस त्याच्या बाजूला बसलेलं असतं. ती व्यवस्था काढून घेतली तर काय होईल, असंही एकदा विचारा. ईएचसी प्लॅन (मुलाच्या विशेष गरजा आणि मदत नोंदवणारा कौन्सिलचा अधिकृत आराखडा) असेल तर तो जोडा. नसेल तर शाळेने केलेली मदतीची कोणतीही लेखी आखणी चालेल.

शाळेतून आल्यावरचा तास-दीड तास तुम्ही स्वतः लिहा. त्यासाठी आठवडाभर रोजनिशी ठेवा, रात्र धरून, घड्याळाच्या वेळांसकट. रात्रीबद्दल कायद्याची अपेक्षा अशी की मदत लांबलेली असावी, साधारणपणे वीस मिनिटं किंवा जास्त, नाहीतर एकाहून अधिक वेळा लागावी. किंवा त्याच्यावर लक्ष ठेवायला कोणाला तरी बराच वेळ वा पुन्हा पुन्हा जागं राहावं लागावं. घरातली निजानीज झाल्यावर रात्र सुरू होते असं धरतात. पुष्कळ घरांत आई मुलाशेजारीच झोपते, त्यामुळे 'उठावं लागत नाही' असं लिहिलं जातं. पडल्या पडल्या चाळीस मिनिटं त्याला थोपटलंत तरी ती मदतच आहे.

घरी राहून गेलेल्या आजीचं पत्रही घ्या. इकडे व्हिजिटर व्हिसावर येऊन सहा महिने नातवंडाबरोबर काढलेल्या आजीने जे पाहिलेलं असतं ते कुठल्याही क्लिनिकला वीस मिनिटांत दिसत नाही. मराठीत लिहू द्या, खाली सही आणि तारीख, सोबत इंग्रजी भाषांतर. मात्र 'माझा नातू फार गुणी आहे हो' हे वाक्य तिला वेगळ्या कागदावर लिहायला सांगा.

मोबिलिटीचा कमी दर पाच वर्षांपासून मिळतो, तेव्हा तुमच्या मुलाला तोही मागा. हा भाग बहुतेक जण 'तो चालू शकतो' म्हणून रिकामा सोडतात. इथे प्रश्न पायांचा नाही. अनोळखी ठिकाणी त्याला इतर साडेसहा वर्षांच्या मुलांपेक्षा लक्षणीय जास्त देखरेख किंवा मार्गदर्शन लागतं का, हा आहे. त्या वयाचं कुठलंच मूल एकटं हिंडत नाही, म्हणून 'आम्ही नेहमी सोबत असतो' याला काही अर्थ नाही. सोबत असण्याची तऱ्हा सांगा. इतर मुलांना हाक मारली की थांबतात. हा थांबतो का? मनगट घट्ट धरावं लागतं का? हँड ड्रायरच्या आवाजाने फुटपाथवर आडवा पडला तर किती वेळ जातो? वरचा दर तीन वर्षांपासून मिळू शकतो, पण ऑटिझमसाठीची वाट अरुंद आहे. केअरचा सर्वांत वरचा दर हवा, वागणं इतकं बेभरवशाचं हवं की मूल जागं असेपर्यंत कोणीतरी लक्ष ठेवून राहावं लागेल आणि वारंवार अंगाला धरून आवरावं लागेल, शिवाय बुद्धी आणि सामाजिक वावर दोन्हींत गंभीर अडचण हवी. आयक्यू चांगला आला म्हणजे दार बंद, असं मात्र नाही. १९९९ साली कोर्ट ऑफ अपीलने एका मुलाच्या खटल्यात सांगितलं की चाचणीतला आकडा हा एकमेव निकष नव्हे. ती बुद्धी रोजच्या जगण्यात वापरता येते का, हेही बघायला हवं.

अपील दाखल झालं की ट्रिब्युनल खात्याला उत्तर द्यायला २८ दिवस देतं. मग तुमच्याकडे पानांचे क्रमांक घातलेला एक जाड गठ्ठा येतो. तो नीट वाचा. शाळेचा मूळ फॉर्म त्यात सापडतो, आणि तुमचाच अर्ज परक्याच्या नजरेने वाचायला मिळतो. या सुमारास खात्याकडून फोन येऊ शकतो: 'आम्ही कमी दर द्यायला तयार आहोत.' घाईत हो म्हणू नका. निर्णय तुमच्या बाजूने बदलला की चालू अपील तिथेच संपतं, आणि मिळालेला दर अपुरा वाटला तर नव्याने अपील करावं लागतं. विचार करून कळवते म्हणा आणि सल्ला घ्या.

ट्रिब्युनलपुढे सुनावणीच मागा, फक्त कागदांवर निर्णय नको. तिथे तीन जण असतात: न्यायाधीश, डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव असलेला सदस्य. ते खात्याचे नोकर नाहीत. एवढ्या लहान मुलाला सहसा आणावं लागत नाही. सुनावणी प्रत्यक्ष, फोनवर किंवा व्हिडिओवर होते. फॉर्ममध्ये दुभाषाची चौकट आहे, तिथे 'मराठी' लिहा. दुभाषी ट्रिब्युनल देतं, पैसे लागत नाहीत. आपल्याला इंग्रजी येतं, ऑफिसात तेच बोलतो, मग दुभाषी कशाला, असं वाटेल. पण मुलाच्या रात्रीबद्दल बोलताना गळा दाटून आला की शब्द कुठल्या भाषेत येतील ते कोणी सांगावं! दुभाषी असला तरी इंग्रजीत उत्तर द्यायला कोणी अडवत नाही. नवऱ्याला किंवा भावजयीला मात्र दुभाषी म्हणून बसवू नका.

प्रश्न साधे असतात. सकाळी कोण उठवतं, दात कसे घासतो, काल संध्याकाळी काय झालं. आपली जीभ लगेच 'तसं ठीक आहे, मॅनेज होतं' म्हणते. मॅनेज कोण करतं, कसं करतं, ते सांगा. वाईट दिवसच सांगायचे असंही नाही. आठवड्यात चांगले दिवस किती, वाईट किती, आणि वाईट दिवशी काय होतं ते जसं असेल तसं सांगा. फुगवलेलं डॉक्टर सदस्याला चटकन कळतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: ट्रिब्युनल मूळ निर्णयाच्या तारखेला परिस्थिती काय होती तेवढंच बघतं. नंतर मिळालेला रिपोर्ट चालतो, पण तो त्या काळाबद्दल बोलत असला पाहिजे. त्यानंतर गरजा खरंच वाढल्या असतील तर अपील सुरू ठेवून नवा अर्ज करायचा का, हे सल्लागाराला विचारा.

काही दर आधीच मिळालेला असतो आणि वाढवून मागायला लोक जातात, तेव्हा धोका असतो, कारण ट्रिब्युनल आहे तो दरही कमी करू शकतं. तुमच्या हातात आत्ता काहीच नाही, म्हणून तुम्हाला ती भीती नाही.

आता मिस्टरांची शंका. ती रास्त आहे. डीएलए हा 'पब्लिक फंड', म्हणजे सरकारी मदतीचा पैसा, आहे, आणि स्किल्ड वर्करसारख्या व्हिसावर आलेल्यांच्या अटींत बहुधा पब्लिक फंड घेऊ नये असं लिहिलेलं असतं. पण इथे बघायचं ते मुलाचं स्टेटस, कारण डीएलए मुलाचा असतो. मुलावर ती अट असेल तर अपील पुढे रेटू नका, आधी इमिग्रेशन सल्लागाराला भेटा. मुलगा ब्रिटिश नागरिक असेल किंवा त्याला आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, असेल तर त्याच्यासाठी डीएलए मागण्यात कोणताही नियम मोडत नाही, वडील व्हिसावर असले तरी. तुम्हा दोघांचा स्वतःचा आयएलआरचा अर्ज अजून व्हायचा असेल तर सल्लागाराकडे एक फेरी मारून घ्या, एवढंच.

मदतीला सिटिझन्स ॲडव्हाइस, 'कॉन्टॅक्ट' ही दिव्यांग मुलांच्या कुटुंबांची संस्था आणि नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी आहेत. काही कौन्सिलांमध्ये वेल्फेअर राइट्सचा विभागही असतो. मिळणाऱ्या रकमेतून टक्के मागणाऱ्यांच्या नादी लागू नका.

निकाल विरुद्ध गेला तर एका महिन्यात निकालाची सविस्तर लेखी कारणं मागा. त्यात कायद्याची चूक असेल तर अप्पर ट्रिब्युनलकडे जाता येतं. नुसतं पटलं नाही म्हणून जाता येत नाही. निकाल बाजूने लागला तर रक्कम सहसा मूळ अर्जाच्या तारखेपासून मिळते. मग दोन कामं लगेच करा. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी सरकारी मदत) घेत असाल तर त्याच्या ऑनलाइन जर्नलमध्ये त्याच दिवशी कळवा. आणि केअरचा मधला किंवा वरचा दर मिळाला असेल, तुम्ही मुलासाठी आठवड्याला किमान ३५ तास देत असाल आणि तुमची कमाई मर्यादेत असेल (२०२५-२६ साठी आठवड्याला कर वगैरे वजा जाता १९६ पौंड), तर केअरर्स अलाउन्सचा, म्हणजे सांभाळणाऱ्याला मिळणाऱ्या भत्त्याचा, अर्ज करा. डीएलएच्या निर्णयापासून तीन महिन्यांच्या आत केलात तर तोही डीएलए सुरू झाल्याच्या तारखेपासून मिळू शकतो.